पंपहाऊस पुरात, पालिका बिलात

जॅकवेल (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आलाय. कोल्हापुरात आता रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात सांगायचे दिवस येतील. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. दोन्ही वेळा शहराला पाण्याने वेढा घातला आणि घरातल्या नळाला टिपूस नाही! शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही उपसा केंद्रं नदीकाठी. नदी आत शिरली आणि पुरवठा बंद.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. शहराचं नाव सांगत नाही, फार मोठं नव्हतं. नोकरीत दोन फायली कायम वेगळ्या कपाटात पाहिल्या: एक वीजबिलाची, दुसरी आपत्ती व्यवस्थापनाची. वीजबिलाची फाईल मार्चमध्ये हलायची, आपत्तीची जूनमध्ये. माझं म्हणणं एवढंच की या दोन्ही फायलींमध्ये प्रश्न एकच आहे आणि उत्तरही बरंचसं एकच: शुद्ध पाण्याची साठवण किती तासांची आहे? तुमच्या टाक्यांत सात-आठ तासांचं पाणी असेल, तर महाग विजेच्या वेळी पंप बंद ठेवता येतो. लाइट गेली तरी लोकांना कळत नाही. आणि पूर चढायला लागला की मोटरी उचलून घ्यायला उसंत मिळते. साठवण नसेल तर पंप चोवीस तास हाकावा लागतो, मग दर काहीही असो आणि नदी कुठेही असो.

थोडा हिशेब. एक घनमीटर पाणी एक मीटर वर चढवायला ०.००२७ युनिट लागतं, हे निसर्गाचं भाडं, त्यात सूट नाही. समजा शहर ५० एमएलडी (रोज पाच कोटी लिटर) उपसतं, एकूण हेड, म्हणजे घर्षण धरून चढवायची उंची, ६० मीटर, पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के. रोजचे साडेबारा हजार युनिट झाले. आठ रुपयांनी धरा, दिवसाला एक लाख रुपये. हीच कार्यक्षमता ७५ वर नेली की वर्षाला ४९ लाखांच्या आसपास वाचतात. पण त्याच शहरात ३५ टक्के पाणी गळतीत आणि बेहिशेबी जात असेल तर रोज ३५ हजारांची वीज जमिनीत मुरते. आता सांगा, आधी मोटर बदलायची की आधी गळती काढायची?

लोकांचे अनुभव वाचायला आवडतील. राजकारण नको.

शंकासुर

राजकारण नको म्हणताय आणि विषय पाणीपुरवठ्याचा काढताय. धाग्याला शुभेच्छा.

रंकाळाकाठ

२०१९ ला आमची गल्ली कोरडी होती, पूर आमच्यापर्यंत आलाच नाही. तरी बादल्या घेऊन टँकरच्या मागे धावलो. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्यासाठी पाणी लागायचंच. पावसाचं पाणी पन्हाळीखाली घंगाळात धरून भांडी घासली. शिरोलीला हायवे बंद, त्यामुळे बाहेरून बाटल्याही येईनात. पूर ओसरला तेव्हा वाटलं, आता उद्या पाणी येईल. कुठलं? पुढेही कित्येक दिवस टँकरच.

जॅकवेल साहेब, हे मला कधीच समजलं नाही. पूर उतरल्यावर पंप चालू करायला एवढा वेळ का लागतो? आणि पंप दहा-पंधरा फूट वर का बसवत नाहीत? वीज जास्त लागेल म्हणून?

जॅकवेल

@रंकाळाकाठ ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण हा गैरसमज आमच्या खात्यातही होता. नाही, मोटर वर नेली म्हणून बिल वाढत नाही. पाणी नदीच्या पातळीपासून टाकीपर्यंतच चढवायचं आहे, ते अंतर तेवढंच राहतं. व्हर्टिकल टर्बाइन पंपात मोटर वरच्या मजल्यावर असते आणि लांब शाफ्ट खाली विहिरीत उतरतो. मजला उंच केला तर शाफ्ट लांबतो, बेअरिंगं वाढतात, घर्षणात किरकोळ वीज जाते. खर्च असतो तो बांधकामाचा.

जुन्या केंद्रांमध्ये मात्र आडवे सेंट्रिफ्यूगल पंप आहेत. त्यांना ओढायची मर्यादा असते. पुस्तकात दहा मीटर, प्रत्यक्षात पाच-सहाच्या पुढे गेलं की पंप हवा खातो. म्हणून ते नदीच्या पातळीजवळ, खोल खड्ड्यात बसवले, आणि म्हणूनच सगळ्यात आधी तेच बुडतात.

आता पहिला प्रश्न. बुडालेली मोटर बाहेरून धुतली की स्वच्छ दिसते. टर्मिनल बॉक्स उघडला की आत पेढ्यासारखा गाळ बसलेला असतो. तो काढायचा, वाइंडिंग गोड्या पाण्याने धुवायचं, मग सुकवायचं. आमच्याकडे भट्टी नव्हती. मोटरीला ताडपत्रीचा तंबू करून आत हॅलोजनचे दिवे लावले. दर चार तासांनी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मारायचा. ३.३ केव्हीच्या (३,३०० व्होल्टच्या) मोटरीला साधारण सव्वाचार मेगाओहमच्या वर इन्सुलेशन आल्याशिवाय करंट द्यायचा नाही हा नियम. काटा शून्यावरून हलेना आणि वरून फोनवर फोन: "अजून किती वेळ?" घाई करून चालू केली की धूर, मग रिवायंडिंग, म्हणजे आणखी कितीतरी दिवस. आणि मोटर सुकली तरी पॅनेल, स्टार्टर, केबलचे जोड, ट्रान्सफॉर्मर हे सगळं तसंच तपासावं लागतं. पुरात सबस्टेशनही पाण्यात असतं, ते महावितरणने चालू केल्याशिवाय आमची सुकलेली मोटर नुसती शोभेची.

चावीवाला

नमस्कार. मी चावी सोडणारा मानूस, पंपावर पन काम केलंय. साहेब बरोबर बोलत्यात पन एक राहिलंय. टाकीत सात-आठ तासाचं पानी असाय पायजे म्हंता. टाकी हाय की वो आमच्याकडं! भरती कधी? एका भागाला सोडलं की दुसऱ्या भागातनं फोन. टाकीत चार फूट पानी झालं की चावी सोडाय सांगत्यात. वरनं काही भागाला टाकी बायपास करून थेट पंपाच्या लायनीवरच जोडन्या दिल्यात. तितं पंप थांबला की पानी थांबलं. मग सांगा, महागाच्या टायमाला पंप बंद ठेवायचा कसा? संध्याकाळी वीज महाग म्हंत्यात, आनि त्याच टायमाला बायका नळाला हंडे लावून बसलेल्या असत्यात.

जॅकवेल

लाख बोललात भाऊ. कागदावर टाकीची क्षमता असते, वापरात असते ती वेगळी. रायझिंग मेनवरच्या (पंपापासून टाकीपर्यंतच्या वाहिनीवरच्या) थेट जोडण्या हा आमचाही रोग होता. त्या सुटल्याशिवाय साठवणीचा हिशेब खोटाच.

मीटरवाचक

मी लेखा विभागात पालिकेची वीजबिलं तपासतो. दोन मुद्दे टाकतो, रुक्ष वाटतील पण पैसा तिथेच आहे.

एक, दराची वेळ. पाणीपुरवठ्याला महावितरणचा वेगळा दरगट आहे, उच्चदाबात चार नंबरचा. अनेक वर्षं गणित सोपं होतं: रात्री १० ते सकाळी ६ सवलत, संध्याकाळी ६ ते १० जादा आकार. त्यामुळे ज्याला जमेल तो रात्री टाक्या भरायचा. आता वारं फिरतंय. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी सांगितलंय की सौरतासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा आणि कमाल मागणीच्या वेळी जास्त. म्हणजे स्वस्ताई रात्रीतून दुपारी सरकतेय. ज्यांनी रात्रपाळीवर सगळं बसवलंय त्यांना वेळापत्रक उलटं करावं लागेल. नव्या टाक्यांचं डिझाइन करणाऱ्यांनी हे आत्ताच धरावं.

दोन, पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाला येणारा भाग. एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच वर येतं, म्हणजे कामाला न येणारा भागही युनिटांत मोजला जातो. आधी पॉवर फॅक्टरचा दंड वेगळ्या ओळीत दिसायचा, साहेब लोक विचारायचे. आता तो युनिटमध्येच विरघळलाय. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेतले निम्मे कपॅसिटर मेलेले असले तरी बिलावर कुठेही लाल अक्षर नाही! मी एका ठिकाणी हे दाखवलं, तर उत्तर मिळालं, "पॉवर फॅक्टरचा दंड तर येतच नाही, मग बदलायचे कशाला?" कपाळाला हात लावला.

आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणकडे नोंदवलेला भार. कधीकाळी पाच पंप चालतील म्हणून मागून ठेवलेली, चालतात तीन. दर महिन्याला न वापरलेल्या भाराचे पैसे.

उन्हातान्हात

एवढा ऊहापोह कशाला? शुद्धीकरण केंद्रांवर, टाक्यांवर सौर पॅनेल टाका. हरित खुल्या प्रवेशाच्या (ग्रीन ओपन ॲक्सेस) २०२२ च्या नियमांनी किमान मागणीची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली आहे, म्हणजे छोट्या नगरपालिकाही बाहेरून सौरवीज घेऊ शकतात. बिल शून्य!

जॅकवेल

सौरला माझा विरोध नाही, "बिल शून्य"ला आहे. वरच्याच उदाहरणात वर्षाला साधारण ४६ लाख युनिट लागतात. आपल्याकडे एक मेगावॉटमधून वर्षाला १५-१६ लाख युनिट मिळतात. म्हणजे तीन मेगावॉट आणि बारा-एक एकर मोकळी जागा. टाकीच्या डोक्यावर मावणारी गोष्ट नाही ती. पण गळती ३५ वरून २० टक्क्यांवर आणली तर लोकांच्या हातात तेवढंच पाणी पोचवायला ५० ऐवजी ४०.६ एमएलडी उपसून भागतं. जवळपास पाऊण मेगावॉटचं... थांबा, जास्तच नको, अर्ध्या मेगावॉटहून अधिक सौर प्रकल्प न बांधताच मिळाला समजा. आधी ते करा, मग उरलेल्याला सौर लावा. उलट क्रमाने केलं तर गळक्या पाण्यासाठी पॅनेल विकत घ्याल.

दुसरं, पूर येतो तेव्हा आभाळ आठ-आठ दिवस फाटलेलं असतं. सौर बिलाला मदत करेल, पुराला नाही.

शंकासुर

मग पुरात डिझेल जनरेटर?

जॅकवेल

शुद्धीकरण केंद्रावर क्लोरिनच्या डोसिंगला, प्रयोगशाळेला, दिव्यांना जनरेटर हवाच. पण शेकडो अश्वशक्तीचे कच्च्या पाण्याचे पंप डिझेलवर हाकायचे म्हणजे डिझेलचा टँकर तिथपर्यंत पोचायला हवा. पुरात रस्ता असतो कुठे?

नाथसागर

आमची गोष्ट उलटी. छत्रपती संभाजीनगरला पूर नाही, उंची नडते. जायकवाडीचं पाणी पैठणहून फारोळा, नक्षत्रवाडी असं चढत शहरात येतं. वीज दहा मिनिटं गेली तर दहा मिनिटांचं नुकसान होत नाही. लांब वाहिनी सावकाश पुन्हा भरायची, हवा काढायची, मग दाब. तोवर एका वॉर्डाची पाळी गेलेली असते आणि पुढचं सगळं वेळापत्रक पुढे ढकललं जातं.

दुष्काळात आणखी एक गोष्ट होते. धरणात २६ टीएमसी मृतसाठा आहे, उपयुक्त साठा संपला तरी पाणी संपत नाही. पण पातळी खाली गेली की नेहमीच्या विहिरीत पुरेसं येत नाही, मग आपत्कालीन पंप लावून आधी तिथपर्यंत पाणी आणायचं. एकाच पाण्याला दोनदा उपसा. टंचाईच्या वर्षात पाणी कमी आणि दर घनमीटरची वीज जास्त, असं दुहेरी.

जॅकवेल

हा मुद्दा फार मोलाचा. आणि दहा मिनिटांच्या खंडाचं आणखी एक दुखणं: वॉटर हॅमर. पंप अचानक थांबला की चढणारं पाणी उलटं फिरतं, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो आणि दाबाचा फटका लायनीला बसतो. जुनी वाहिनी असेल तर जोड उघडतो. पेपरात दुसऱ्या दिवशी "जलवाहिनी फुटली" एवढंच येतं, आदल्या रात्री फिडर (पंपाची विजेची लाइन) ट्रिप झाला होता हे कुणी लिहीत नाही. एक्स्प्रेस फिडर (फक्त पंपांसाठीची वेगळी लाइन), सर्ज टँक (दाबाचा फटका झेलणारी टाकी), एअर व्हॉल्व्हची देखभाल यावरचा खर्च वीजखर्चात धरला पाहिजे.

तुमच्या दुहेरी उपशाच्या उलट पुरात घडतं. नदी चढली की उपसायची उंची कमी होते, दर घनमीटर वीज कमी लागते. ऐकायला छान, पण सेंट्रिफ्यूगल पंप कर्व्हच्या (उंची कमी तर पाणी जास्त, या आलेखाच्या) उजव्या टोकाला सरकतो, पाणी जास्त फेकतो, मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोडला ट्रिप होते. ऑपरेटर मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळतो. आमचे जुने ऑपरेटर नदीकडे न बघता अँपिअर मीटरवरून सांगायचे, पाणी चढतंय म्हणून.

चावीवाला

आवाजावरनं बी कळतंय साहेब.

भांडुपकर

मुंबईकर म्हणून आत्तापर्यंत फुशारकी मारत होतो की आमचं तानसा-वैतरणेचं पाणी उताराने येतं, पंपाची भानगड कमी. तानसा १८९२ चं, तेव्हाच्या लोकांनी विजेवर विसंबून काही बांधलंच नव्हतं. पण भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरला उपसावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसे इथल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि शहरात पाणीकपात करावी लागली. धरणात पाणी असून!

आणि शुद्धीकरण केंद्र पुरात जाणं फक्त नदीकाठचंच नाही बरं का. १८ जुलै २०२१ ला रात्रभराच्या पावसात भांडुप संकुलातच पाणी शिरलं, विजेची यंत्रणा बंद करावी लागली आणि "पाणी उकळून प्या" असा निरोप आला. इथे नदी आत आली नव्हती. काही तासांत इतकं कोसळलं की निचरा झाला नाही. तेव्हा नुसती पूररेषा बघून भागायचं नाही, पॅनेल रूमचं जोतं किती उंच आहे तेही बघायला हवं.

आता मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा २०० एमएलडीचा प्रकल्प आहे. दुष्काळावर उतारा म्हणून ठीक, पण त्याला घनमीटरमागे तीन-चार युनिट लागतात. जॅकवेल साहेबांचा हिशेब पाहिला तर तो पाव युनिट.

मीटरवाचक

हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी आपण जे करतो त्यातलं बरंचसं जास्त वीज खाणारं असतं, हा या धाग्यातला खरा पेच. लांबून पाणी आणा, खोलातून उपसा, खारं गोडं करा. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं, त्याचा घनमीटरमागचा हिशेब मांडायची हिंमतच होत नाही.

रंकाळाकाठ

पण काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली ना आता? २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पाणी पोचलं. आमच्याकडे लोकांनी फटाके वाजवले. पंचगंगेच्या पुराची कटकट त्यामुळे संपली असं सगळे म्हणतात.

जॅकवेल

पुराची धास्ती नक्कीच कमी झाली, आणि पंचगंगेतल्या मैलापाण्याचा प्रश्नही टळला. चांगली योजना आहे. धरणाजवळ उपसा करायचा आणि पुढे बरंचसं उताराने आणायचं, हे तत्त्वही बरोबर.

पण धोक्याने जागा बदलली. पन्नासेक किलोमीटरची एकच वाहिनी, एकच उपसा केंद्र, आणि तिथपर्यंत जाणारी विजेची लाइन राधानगरीच्या डोंगरपावसातून. पूर्वी तीन केंद्रं होती, एक बंद पडलं तर दोन चालायची (पुरात तिन्ही जायची ते सोडा). म्हणून माझं ठाम मत: शिंगणापूर-बालिंग्याची केंद्रं भंगारात काढायची नाहीत. महिन्यातून एकदा तरी पंप फिरवायचे, नाहीतर गरजेच्या दिवशी शाफ्ट जाम. आणि कळंब्याचं संस्थानकाळातलं तळं, जे उताराने पाणी द्यायचं, ते जपायचं. त्याला वीजबिल नाही.

शंकासुर

महिन्यातून एकदा पंप फिरवायचं बिल कोण मंजूर करणार? ऑडिटवाला विचारेल, पाणी दिलं नाही तर वीज कशाला जाळली?

मीटरवाचक

विचारेल. मीच विचारीन. "चाचणी" म्हणून लॉगबुकात नोंद असेल तर नाही विचारणार.

उन्हातान्हात

बरं, सौर बाजूला ठेवू. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) तरी? वेग ८० टक्के केला की वीज निम्मी लागते, वेगाच्या घनाचा नियम आहे.

जॅकवेल

तो नियम फक्त घर्षणाच्या हेडला. सपाट गावात, जिथे मागणी तासातासाला बदलते आणि चढ नाही, तिथे व्हीएफडी सोन्यासारखा चालतो. पण टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल तर वेग थोडा उतरवला की पाणी वर पोचतच नाही, पंप नुसता आतल्या आत घुसळतो. एका नगरपालिकेत लाखोंचा व्हीएफडी घेतलेला मी पाहिलाय. कायम ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगात चालायचा, उलट त्याच्या खोलीला एसी लावावा लागला! तिथे इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) बदलायला हवा होता. गढूळ पाण्याने त्याच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की बोट फिरवलं तर कापेल.

मलकापूरकर

इथे मलकापूरचा उल्लेख कसा नाही? कराडशेजारचं आमचं छोटं गाव. मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू केलं, त्याला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. चोवीस तास दिल्यावर वापर वाढेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मीटर लागल्यावर लोकांनीच गळके नळ दुरुस्त केले. शिळं म्हणून पाणी ओतून द्यायची सवय गेली, कारण साठवायचीच गरज नाही.

चावीवाला

आनि चावी सोडायचीबी गरज नाही. आमची नोकरी गेली म्हना की!

जॅकवेल

नाही हो भाऊ, गळती शोधायला तुमच्याइतकं लायनींचं ज्ञान कुणाकडे आहे? कुठली वाहिनी कुठे वळते हे निम्म्या शहरांत नकाशात नाही, तुमच्या डोक्यात आहे.

रंकाळाकाठ

आम्ही सामान्य माणसांनी विचारायचं काय ते सांगा. प्रभाग समितीत जाऊन "पाणी का येत नाही" एवढंच विचारता येतं आम्हाला.

जॅकवेल

ताई, लेखी विचारा. प्रत्येक केंद्राचे दर हजार लिटरमागे किती युनिट, मागच्या बारा महिन्यांचे. हा आकडा हळूहळू चढत असेल तर इम्पेलर झिजलाय, वाहिनी आतून गंजलीय किंवा व्हॉल्व्ह आवळून ठेवलाय, काहीतरी एक आहेच. शुद्ध पाण्याच्या सगळ्या टाक्या मिळून किती तासांचा साठा होतो, आणि त्यातल्या रोज किती टाक्या पूर्ण भरतात. मोटर, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर यांची जोती २०२१ च्या पूरखुणेपेक्षा वर आहेत का खाली. राखीव मोटर आहे का, आणि ती ठेवलीय कुठे. हसू नका, मी राखीव मोटर पंपहाऊसच्या तळमजल्यावरच ठेवलेली पाहिलीय.

मीटरवाचक

युनिट आमच्याकडे मिळतील. हजार लिटरचा आकडा नाही मिळणार, बऱ्याच ठिकाणी फ्लोमीटर बंद आहे. पंपाचे तास गुणिले नेमप्लेटवरची क्षमता असं लिहितात.

जॅकवेल

मग पहिली मागणी फ्लोमीटरची करा. बाकीचं नंतर.

चावीवाला

आमच्या पंपावरचा फ्लोमीटर चालू हाय साहेब, पन काच धुरकाटलीय, आकडा दिसत न्हाई. उद्या ड्युटीवर गेलो की पुसून बघतो आनि हितं टाकतो.